मायनस आठ आणि हिमायतनगरचं स्थळ

आमच्या घराण्यात जमिनी टिकल्या नाहीत, चष्म्याचे नंबर मात्र टिकले. माझा मायनस सात, पोरीचा मायनस आठ. पोरीनं बापाच्या पुढं जावं असं मला फार वाटायचं. ती नेमकी इथंच गेली.

चष्मा घालवायला पोरीचं लेझर करायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तपासणीपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स बंद, फक्त चष्मा. आणि त्यातच हिमायतनगरचं स्थळ बघायला येणार म्हणून निरोप आला. मुलगा पोरीला आधीच आवडलेला. त्याचा फोटो फोनवर मोठा करकरून बघायची.

"चष्मा लावून बसायचं नाही," बायको म्हणाली.

"आई, मला समोरचा माणूस म्हणजे नुसतं धुकं दिसतं."

"मग धुक्याकडं बघून हस."

मीही मान डोलावली. चष्म्यानं तोंडाला काय शोभा येते, ते मी रोज आरशात बघतोच.

पाहुणे आले, आणि बिनचष्म्याच्या पोरीनं पोह्यांची पहिली बशी माझ्यापुढं धरली. "घ्या ना," अगदी अदबीनं. मी घेतली, काय करणार! मुलगा तिच्याकडं बघून हसला. थोड्या वेळानं पुन्हा हसला. ती त्याच्या मागच्या पडद्याकडं गंभीरपणे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. बायकोनं स्पीकर लावला.

"मुलगी देखणी आहे हो, पण गुर्मी फार. माझं पोरगं हसलं, तर भिंतीकडं बघावं तसं बघितलं हिनं."

बायको फोनवर हात ठेवून कुजबुजली, "गर्विष्ठ म्हणू देत. आंधळी नको म्हणायला."

पोरीनं फोन ओढून घेतला. "काकू, मला मायनस आठ आहे. ते हसलेले मला दिसलेच नाहीत. सोमवारी लेझरची तपासणी आहे माझी."

त्यावर काकू म्हणाल्या, "मग तर नक्कोच, माय. आमच्याही पोराचं लेझरच झालंय, मायनस नऊ होता. लेझरनं चष्मा जातो, रक्तातला नंबर जातो का? तुमची दोघांची लेकरं पाळण्यातच चष्मा मागतील."

फोन ठेवला.

"सगळं तुमच्या घराण्याचं देणं," बायको मला म्हणाली. एवढं एकच देणं मी पोरीला पुरेपूर दिलं होतं.

"बाबा, सोमवारी नेताय ना?"

"आता कशाला?" मी मूर्खासारखं विचारलं.

"पुढच्या वेळी नाही म्हणणाऱ्याचं तोंड तरी दिसू दे."