मोहावरचा शिक्का

हे मी घरातही कधी बोललो नाही, पण मोहाच्या फुलांचा वास आला की ते झाड आठवतं. सातपुड्यात सरकारी लाकूडतोडीच्या ठेक्यावर मी मुकादम होतो. फॉरेस्टचा शिक्का असलेलंच झाड तोडायचं, असा नियम. ट्रकच्या वाटेत एक बिनशिक्क्याचा मोह आडवा येत होता. गार्ड जेवायला बसला, तेव्हा त्याची शिक्का उमटवायची हातोडी उचलून मीच त्या मोहावर शिक्का मारला. फुलं वेचणारी म्हातारी धावत आली. "भाऊ, हाई झाड आम्हनं शे. येले शिक्का कोनी मारा?" मी म्हणालो, "सरकारनं, अक्का." "मंग कोनले सांगू?" म्हणत ती बाजूला झाली, आणि आम्ही मोह पाडला. पुढच्या चैत्रात ती दुसऱ्यांच्या मोहाखाली, त्यांचं वेचून झाल्यावर उरलेली फुलं शोधताना दिसली. मी ट्रकमधून उतरलो नाही. आता ती नसेल. तिच्या माणसांपुढे उभं राहून ‘ते मीच केलं’ म्हणणं, एवढं देणं मी अजून लागतो.