वायफायचं कार्ड बदललं त्या आठवड्यात

लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड खराब झालं आणि धाराशिवच्या दुकानदारानं त्याजागी दुसरं बसवून दिलं, तेव्हा मी खुशीत एसटीत बसले. दुसऱ्या दिवशी तुळजापूरला घरी वर्ग घ्यायला बसले, आणि थोड्याच वेळात स्क्रीनवरचे सगळे चेहरे जागच्या जागी थिजले.

माझी कंपनी पुण्याची. नव्या लोकांना हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायचं, ते मी घरून शिकवते. नवऱ्याची शाळेतली नोकरी इथली, लेक लहान, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून ही सवलत मिळवलेली. वर्ग सारखा तुटायला लागला तेव्हा साहेब गोड आवाजात म्हणाले, सोमवारच्या वर्गाला मी स्वतः बसतो. नीट झाला तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुम्ही पुण्यात या. गोड बोलणाऱ्या माणसाची मला लई भीती वाटते. ओरडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

पुण्याला जायचं म्हणजे लेकीला इथं ठेवून जायचं. तिथं दिवसभर मी ऑफिसात, तिला बघणार कोण?

मग मी त्या कार्डाच्या हात धुऊन मागं लागले. कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात तो, काढून पुन्हा टाकला. वीज वाचवायला कार्ड आपोआप बंद पडतं, ती सोय मोडून टाकली. नेट यायचं, चार शब्द बोलू द्यायचं आणि गायब. नवरा म्हणाला, राउटर बिघडला असेल. मी म्हटलं, जुन्या कार्डावर हाच राउटर सहा महिने चालला ना?

पुन्हा धाराशिव गाठलं. कार्डाला दोन बारीक वायरी असतात, त्या वर झाकणातल्या अँटेनापर्यंत जातात. एखादी सैल राहिली असेल म्हणून दुकानदारानं दोन्ही काढून परत दाबून बसवल्या. दुकानात नेट असं पळायला लागलं की बघत राहावं. घरी आणलं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढच्या खेपेला मी भांडायच्याच तयारीनं गेले. जुनंपानं कार्ड माझ्या गळ्यात मारलंत, असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. त्यानं न चिडता दुसरं कार्ड लावलं, मला खुर्ची दिली आणि इथंच बसून बघा म्हणाला. मी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ बोललो, एकदाही तुटला नाही.

"ताई, घरात काही बदललंय का?" त्यानं विचारलं.

"काही बदललं न्हाय," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

आणि मला ते खरंच वाटत होतं. देवीच्या निद्रेचे दिवस चालू होते. नवरात्राच्या आधी देवी पलंगावर झोपते, तेवढे दिवस आमच्या घरात कुणी पलंगावर की गादीवर अंग टाकत नाही. सगळे खाली, चटईवर. सासूबाई बाहेरच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावून टाकतात. हे दर वर्षीचंच. श्रावण संपून भाद्रपद लागतो, त्याला कुणी बदल म्हणतं का?

रविवारी दुपारी आतल्या खोलीत बसून मी नळदुर्गच्या बहिणीला कॉल लावला. तिचं तोंड जांभईत उघडं राहिलं ते तसंच. मला रडू फुटलं. उद्या साहेब बसणार, आणि माझं हे असं. बाहेर सासूबाई झाडत होत्या. झाडायला त्यांनी पलंग बाजूला ओढला, आणि बहीण एकदम बोलायला लागली. झाडून झालं, पलंग जागेवर गेला, बहीण पुन्हा मुकी.

मी धावतच बाहेर गेले. राउटर त्या खोलीत. आमच्या भिंती दगडी, हातभर जाड. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक खिडकी आहे, आत नेट यायचं ते तिच्यातनं. आणि त्या खिडकीवर आमचा पत्र्याचा पलंग दरवान उभा केल्यासारखा. पहिल्यांदा कार्ड बदलून मी आले त्याच संध्याकाळी तो तिथं उभा राहिला होता.

"आई, तो पलंग काढा तिथनं."

सासूबाई घाबरल्या. "खाली न्हाय टाकायचा हं. देवी झोपलीय."

टाकायचा नाही, नुसता हलवायचा, असं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. दोघींनी धरून तो परसात नेला. मला हसू आवरेना. आतून बहीण विचारत होती की काय चाललंय, आणि तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. दुकानदाराला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "पत्र्याचा व्हय? मग बरोबर." भला माणूस.

सोमवारी साहेब शेवटपर्यंत बसले. वर्ग संपल्यावर म्हणाले, तिकडूनच चालू द्या. मी लॅपटॉप मिटला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं.

स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. सासूबाई भाकरी थापत होत्या. बरं झालं, एवढंच म्हणाल्या. मग दारात खेळणाऱ्या लेकीला हाक मारून म्हणाल्या, आजपासून आईजवळ झोपायचं.

तो सगळा आठवडा त्या तिला रोज आपल्या चटईवर घेऊन निजत होत्या. पोरीला नुसतं लाडावून ठेवतात, म्हणून मी आतल्या आत धुसफुसत होते. आता म्हटलं, राहू द्या की आई, तिला आवडतं तुमच्यापाशी.

"तू गेल्यावर एकदम रडली असती गं," त्या म्हणाल्या. "म्हणून सवय लावत होते."

पीठ लागलेल्या हाताच्या मागच्या बाजूनं त्यांनी डोळे पुसले आणि भाकरी तव्यावर टाकली.