फायनलचं पाकीट

शाळाखात्याच्या दिपोटीसाहेबांचा लखोटा आला की शाळेत सगळ्यांची तोंडं उतरायची. लखोट्यात एक तर बदली असे, नाहीतर खुलासा मागितलेला असे. पंचेचाळीस सालच्या माघ महिन्यात मिरजगावच्या शाळेत असा लखोटा आला, आणि वर नाव होतं बाबाजान मास्तरांचं. मास्तर तिसरीच्या पोरांकडून पावकीचे पाढे म्हणून घेत होते. त्यांनी उभ्यानंच लखोटा फोडला, एकदा वाचला, खिडकीपाशी जाऊन पुन्हा वाचला. मग पोरांना म्हणाले, "आज लवकर सुट्टी." पोरांनी कधी नव्हे ते कारण विचारलं नाही.

लखोट्यात लिहिलं होतं, की येत्या फायनल परीक्षेच्या केंद्रावर देखरेखीस नेमलेल्या शिक्षकांचा एक दिवसाचा वर्ग तालुक्याच्या गावी भरवायचा आहे, आणि आपण पाठवलेल्या पत्रातल्या सूचना आपणच त्यांस समजावून द्याव्यात.

बाबाजान मास्तर पिंजाऱ्याच्या घरातले. बाप आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्यांचा कापूस पिंजत फिरला, आणि त्याच्या पोरानं सातवीची फायनल पास केली तेव्हा सगळ्या गल्लीला गूळ वाटला. त्या काळी खेड्यातल्या पोराला फायनल म्हणजे वेशीतून बाहेर पडायचा दरवाजा होता. पास झालं तर तलाठी होता येई, मास्तर होता येई. नापास झालं की बैलांमागं. मास्तर आता छत्तीस वर्षांचे होते, पण त्या दरवाजाची किंमत विसरले नव्हते.

म्हणून तर त्यांनी पत्र लिहिलं होतं. आदल्या वर्षी जिल्ह्यातल्या एका केंद्रावर गणिताचा पेपर आधीच फुटला. कोणी फोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्या केंद्राचा निकाल रद्द झाला. त्यात मास्तरांची सहा पोरं होती. त्यातला भीमा म्हणून एक हुशार पोरगा निकालाच्या दिवशी मास्तरांच्या घरी येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, म्या तर कुनाचं बघितलंबी न्हाई. मग माजं वरीस का गेलं?"

मास्तर आत जाऊन दौत-टाक घेऊन बसले. त्यांनी दिपोटीसाहेबांना अकरा पानं लिहिली. पेपरांची पाकिटं कशी ठेवावीत, कोणासमोर उघडावीत, पोरं किती अंतरावर बसवावीत, आणि मुख्य म्हणजे देखरेखीला येणाऱ्या मास्तरांना आधी काही शिकवावं, नुसतं हुकूम काढून उभं करू नये. पत्र पाठवलं आणि आपण काय करून बसलो या धाकात सात महिने काढले. आणि आता हे उत्तर.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, हसीनाला, पत्र वाचून दाखवलं. त्यांची घरातली बोली दखनी, पण शाळेचा विषय निघाला की दोघं आपसूक मराठीत येत. हसीना तिसरीपर्यंत शिकली होती आणि डोक्यानं तिखट होती. गावाप्रमाणं तीही नवऱ्याला मास्तरच म्हणायची.

"चाळीस मास्तरांपुढं बोलायचंय," मास्तर म्हणाले.

"मग आधी माझ्यापुढं बोला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घरात परीक्षा सुरू झाली. मास्तर रोज दिवेलागणीआधी तिला पाच गणितं घालायचे, उत्तरं आधीच देऊन ठेवायचे, आणि मला न कळता नक्कल करून दाखव म्हणायचे. पहिल्या दिवशी तिनं बांगड्यांच्या आड मनगटावर काजळानं उत्तरं लिहिली. दुसऱ्या दिवशी टाक तीनदा खाली पाडला आणि तिन्ही वेळा शेजारी ठेवलेल्या उत्तरांवर नजर मारून घेतली. मास्तरांना एकदाही कळलं नाही. तिनं मागाहून युक्ती सांगितली की ते ती वहीत लिहून घेत आणि खूष होऊन हसत. आपल्या बायकोत एवढी लबाडी आहे याचा त्यांना मोठा अभिमान वाटत होता.

चौथ्या दिवशी मात्र त्यांनी ठरवलं, आज हिला पकडायचंच. ते तिच्यासमोर पाय रोवून उभे राहिले आणि डोळा न हलवता बघत राहिले. अर्ध्या तासानं तिनं कागद पुढं सरकवला. तो कोराच होता.

"आज नक्कल नाही?"

"आज खरंच सोडवायला बसले होते," हसीना म्हणाली. "पण तुमी असं बघायला लागलात, की मला येत होतं तेबी गेलं. मास्तर, तुमी चोर पकडायला चाललात का पोरांना परीक्षेला बसवायला?"

मास्तरांनी तो कोरा कागद घडी करून वहीत ठेवला. मग त्यांनी वहीतली सगळी टिपणं पुन्हा लिहायला घेतली, आणि पहिल्या पानावर एकच वाक्य घातलं: प्रामाणिक पोराला आपण आहोत हे जाणवता कामा नये.

वर्गाच्या दिवशी सकाळी ते सायकलवरून तालुक्याला गेले. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार कधी येईल आणि वाटेत कुठं बसेल याचा भरवसा नव्हता, आणि आज उशीर होऊन चालणार नव्हतं. सगळी वाट ते मोठ्यानं भाषण म्हणत होते. ज्वारीच्या राखणीला बसलेल्या बायका मान वर करून बघत होत्या.

प्रत्यक्षात चाळीस मास्तर समोर बस्करपट्ट्यांवर बसलेले पाहिले, आणि भाषण जे गेलं ते गेलंच. पहिल्याच रांगेत सूर्यभान मास्तर बसले होते. वय पन्नाशीचं, मिशा पांढऱ्या, तालुक्यातले सगळ्यात जुने मास्तर. ते शेजाऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "वीस वर्षं फायनलवर उभा राहतोय. आता उभं कसं राहायचं ते शिकायचं राहिलंय."

वर्गात हसू पसरलं. का कोण जाणे, त्या हसण्यानंच बाबाजान मास्तरांना धीर आला.

"मग तुम्हीच उभे राहा," ते म्हणाले. "हे सगळे विद्यार्थी. तुम्ही देखरेख करा. यातल्या पाच जणांना मी नक्कल करायला सांगणार आहे. अर्ध्या तासात ते शोधून द्या."

सूर्यभान मास्तरांना दाराबाहेर पाठवून त्यांनी पाच जण निवडले, हसीनाच्या युक्त्या वाटून दिल्या, सगळ्यांना गणितं घातली. मग सूर्यभान मास्तर आत आले आणि हात मागं बांधून वाघासारखे फिरू लागले. बाकीची प्रौढ माणसं माना खाली घालून त्रैराशिकं सोडवत होती. दहाव्या मिनिटाला सूर्यभान मास्तरांनी झडप घातली आणि कोपऱ्यातल्या गोरक्ष मास्तरांचा दंड धरून त्यांना उठवलं.

"हा एक. शेजाऱ्याला उत्तरं सांगतोय. ओठ हलताना म्या दोनदा बघितलं."

गोरक्ष मास्तर गरीब स्वभावाचे होते. ते लाजून म्हणाले, "न्हाई वो. मी पाढं म्हनत हुतो. मला तोंडानं म्हटल्याबिगर गुणाकार येत न्हाई."

वर्ग खदखदून हसला. खरे पाच जण कोण, ते सूर्यभान मास्तरांना शेवटपर्यंत सापडले नाहीत. पाचांनी उठून आपापलं मनगट, टोपी, टाकाची दांडी दाखवली, तेव्हा हसू आणखी वाढलं. बाबाजान मास्तरांनी मात्र गोरक्ष मास्तरांचा कागद सगळ्यांना दाखवला. दंड धरला गेल्यानंतर त्यांनी पुढचं एकही गणित केलं नव्हतं.

"हे मास्तर आहेत, आणि ही लुटुपुटूची परीक्षा होती," ते म्हणाले. "याच्या जागी तेरा वर्षांचं पोरगं असतं, तर त्याचं काय झालं असतं?"

हसू थांबलं. सूर्यभान मास्तरांनी खाली बसून कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली.

त्यानंतर दिवस कसा गेला ते कळलंच नाही. संशय आला तर काय करायचं, पोराला न ओरडता दुसऱ्या जागी कसं बसवायचं, टाक मोडला तर कुठून द्यायचा, पाणी कोणी पाजायचं, सगळं करून पाहिलं. शेवटी पाकिटाची तालीम झाली. बाबाजान मास्तरांनी घरून लाखेची मोहर लावलेली खोटी पाकिटं आणली होती. नियम साधा होता. पाकिटावरचा विषय आणि दिवस साक्षीला उभ्या असलेल्या दोघा पंचांनी मोठ्यानं वाचायचा, लाख बघायची, मग सही करायची, आणि मगच दोरी कापायची. प्रत्येक मास्तरानं तो प्रकार एकदा केला. परतताना बाबाजान मास्तरांची सायकल जमिनीला लागत नव्हती.

चैत्रात परीक्षा आली. तालुक्याच्या केंद्रावर चालक म्हणून कानिफनाथ हेडमास्तर होते, कामसू पण घाईचे. पहिल्या दिवशीचा भाषेचा पेपर इतका शांतपणे पार पडला, की गावातली माणसं दारातून डोकावून, आत पोरं आहेत का नाहीत ते बघून गेली. भीमा आणि त्याचे पाचही सोबती पुन्हा बसले होते.

दुसऱ्या दिवशी गणित. सकाळी ट्रंक आली, कानिफनाथ हेडमास्तरांनी कुलूप काढलं, पाकीट उचलून टेबलावर ठेवलं. पंच म्हणून बाबाजान मास्तर आणि सूर्यभान मास्तर उभे होते. खिडकीतून आवारात रांगेत बसलेली दीडशे पोरं दिसत होती. न गडबडता, न रडता, आपापल्या जागी. बाबाजान मास्तरांची नजर त्यांच्यावरून हलेना. आपण लिहिलेली अकरा पानं जणू मुलं होऊन बसली आहेत असं त्यांना वाटत होतं. हेडमास्तरांनी कागद पुढं केला, त्यांनी हसत हसत सही ठोकली. हेडमास्तरांनी चाकू दोरीखाली घातला.

"थांबा," सूर्यभान मास्तर म्हणाले. "बाबाजान मास्तर, सही केलीत. वाचलंत का?"

बाबाजान मास्तरांनी खाली पाहिलं. पाकिटावर लिहिलं होतं, इतिहास व भूगोल. तो पेपर उद्याचा होता.

हेडमास्तरांच्या हातातला चाकू तसाच राहिला. दोरीचे दोन पदर तुटले होते, तिसरा शाबूत होता. लाख धड होती. सूर्यभान मास्तरांनी ते पाकीट अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि ट्रंकेच्या तळातून गणिताचं पाकीट काढलं. दोघांनी विषय मोठ्यानं वाचला. पेपर वाटले गेले तेव्हा बारा मिनिटं उशीर झाला होता. ती बारा मिनिटं शेवटी वाढवून द्यायची असं तिथंच ठरलं, आणि प्रत्येक रांगेपाशी जाऊन पोरांना तसं सांगितलं.

पेपर सुरू झाल्यावर हेडमास्तर हळूच म्हणाले, "पेपर काही फुटला नाही. मग हे लिहायचं कशाला? आपल्या तिघांतच राहू द्या."

बाबाजान मास्तरांच्या मनात क्षणभर तेच आलं होतं. सगळ्या तालुक्याला पाकीट वाचायला शिकवणारा माणूस, आणि स्वतः न वाचता सही करून मोकळा. हे कागदावर गेलं तर दिपोटी काय म्हणतील, पुढचा वर्ग कोण देईल? पण तुटक्या दोरीचं पाकीट ट्रंकेत परत जाणार होतं. उद्या कोणी विचारलं, दोरी कोणी कापली, तर संशय दीडशे पोरांवर जाणार होता. त्यांनी दौत पुढं ओढली आणि अहवालात लिहिलं, की पाकिटावरचा विषय मी न वाचता सही केली, ती माझी चूक. सूर्यभान मास्तरांनी हटकलं म्हणून पेपर शाबूत राहिला. मग पाकिटाला तिघांनी नवी दोरी बांधून वर कागद चिकटवला, आणि त्यावर तिघांच्या सह्या घातल्या.

सूर्यभान मास्तर वाचून म्हणाले, "माझं नाव घालायची गरज नव्हती."

"होती," बाबाजान मास्तर म्हणाले. त्यांना लाज वाटत होती हे खरं, पण त्या लाजेखालून आनंदाची एक उकळी वर येत होती. ज्या माणसानं वर्गाच्या दिवशी टिंगल केली, त्यानंच नियम एवढा मनावर घेतला होता. आपण चुकलो तरी नियम चुकला नव्हता.

वैशाखात दिपोटीसाहेबांनी बोलावलं. मास्तर नगरला गेले ते नोकरीची आशा सोडूनच. हसीनानं सोबत भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "जे लिहिलंय तेच बोला. दुसरं काही जोडू नका."

साहेबांनी अहवाल समोर ठेवला होता. "हे तुम्हीच लिहिलंत?"

"होय साहेब."

"जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांचे अहवाल आले," साहेब म्हणाले. "प्रत्येकात लिहिलंय, सर्व ठीक पार पडले. एका ओळीत. मला त्यातल्या एकावरही भरवसा ठेवता येत नाही. तुमच्यावर ठेवता येतो." त्यांनी चष्मा काढला. "पुढच्या वर्षी पाच तालुक्यांत वर्ग घ्या. आणि ही गोष्ट आधी सांगा, नियम मागाहून."

बाहेर येऊन मास्तर कचेरीच्या पायरीवर बसले आणि तिथंच भाकरी सोडली. भूक सकाळपासून मेली होती, ती आता एकदम लागली.

निकाल लागला तेव्हा सहांपैकी पाच पोरं पास झाली. भीमाला गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले. सहावा नापास झाला तो भाषेत, आणि त्यानं स्वतःच सांगितलं, की पेपर अवघड होता, पण यात दुसऱ्या कोणाची चूक नाही. ते ऐकून मास्तरांना पास झालेल्यांइतकंच बरं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात बाबाजान मास्तर पाथर्डीच्या बाजूला तिसगावपासून वर्ग घ्यायला निघाले. सोबत खोट्या पाकिटांची पिशवी होती, आणि या वेळी एकटे नव्हते. सूर्यभान मास्तरांनी रजा टाकली होती. वर्ग भरला की बाबाजान मास्तर उभे राहून आधी आपल्या सहीची गोष्ट सांगत, आणि ते कुठं काही गाळतात का, हे सूर्यभान मास्तर मागच्या रांगेत बसून कान देऊन ऐकत.