प्रेडेसेसरची सही

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्या गावची सहकारी दूध संस्था बंद झाली. दूधच राहिलं नव्हतं. निम्म्या म्हशी बाजारात विकल्या गेल्या होत्या, उरलेल्या चारा छावणीत होत्या. संस्थेचे सेक्रेटरी त्याही दिवशी सकाळी सहाला कुलूप काढून बसले. ते माझ्या वर्गमित्राचे वडील. आपल्याआधी होऊन गेलेल्यांची इतकी फिकीर करणारा माणूस सिरसाळ्यापासून चकलांब्यापर्यंत दुसरा नसेल, आणि ही सगळी फिकीर ते इंग्रजीत करत.

'माजी' आणि 'आधीचा' या शब्दांवर त्यांचा भरवसा नव्हता. हरलेला जिवंत माणूस 'एक्स', आपणहून पायउतार झालेला 'फॉर्मर', गेलेला 'लेट'. यात माणूस आणि जनावर असा भेद ते करत नसत. दारातली म्हैस मेली तेव्हा महिनाभर तिचा उल्लेख 'आमची लेट मुऱ्हा' असा होत होता. ज्या पत्र्याखाली संसार सुरू झाला ते 'प्रीव्हियस घर'. गल्लीत सर्वांत आधी धम्मदीक्षा घेतलेले त्यांचे वडील 'पायोनियर', आणि हा शब्द त्यांनी पुन्हा कुणालाही दिला नाही. गावात पहिला बोअर पाडणाऱ्या बागायतदाराने तो मागून पाहिला होता. "बोअर पाडल्यानं पायोनियर व्हत न्हाई," सेक्रेटरी म्हणाले, "तुमाला फार तर फर्स्ट म्हणतो." एका सरपंचावर अविश्वास ठराव आला. दुपारी तीनला मतदान होतं. दोन वाजता सेक्रेटरींनी त्यांना 'सरपंच' म्हणून चहा दिला आणि चार वाजता 'एक्स-सरपंच' म्हणून पाणी दिलं. "आरं, खुर्ची आजून गरम हाय बे!" सरपंच ओरडले. सेक्रेटरी म्हणाले, "खुर्चीचं मला म्हाईत न्हाई. ठराव झालाय."

'प्रेडेसेसर' मात्र त्यांच्या लेखी जगात एकच होता. तो म्हणजे अप्पा, संस्थेचे आधीचे सेक्रेटरी, गावातल्या मोठ्या जमीनदार घरातले. एका सेक्रेटरीने दुसऱ्याला चार्ज द्यायचा म्हणजे कपाट, कॅन, रजिस्टरं, दुधाची फॅट काढायचं हाताने फिरवायचं मशीन, हे सगळं समोर मांडायचं, यादी करायची आणि दोघांनी सह्या करायच्या, अशी रीत होती. छापील फॉर्म इंग्रजी होता. डाव्या बाजूला प्रेडेसेसर, उजव्या बाजूला सक्सेसर. बावीस वर्षांपूर्वी हे रुजू झाले तेव्हा चावी खिडकीत ठेवलेली होती आणि अप्पा शेतावर निघून गेले होते. यांनी मिळालं तेवढं यादीत लिहिलं. मशीन नव्हतं, तसं लिहिलं. उजवीकडे सही केली. डावी बाजू कोरी राहिली.

तो फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते खिशात बाळगत. लग्नात, बाजारात, तेलगावच्या रस्त्यावर, जिथे अप्पा दिसतील तिथे ते नमस्कार करत, बरोबरच्यांना "हे माझे प्रेडेसेसर" अशी ओळख करून देत आणि फॉर्म पुढे करत.

"लगीन हाय बे, लगीन!" अप्पा एकदा पंगतीत म्हणाले. "चार्ज घिऊन कुणी जेवाया येतं का?"

"तुमी द्या, मंग मी जेवतो."

पंगत हसली. अप्पांनी सही केली नाही. मी एकदा सेक्रेटरींना विचारलं, साधं 'आधीचे सेक्रेटरी' का म्हणत नाही? ते म्हणाले, "आधीचा म्हणलं की सुटला तो माणूस. प्रेडेसेसरला सुटता येत न्हाई. त्याला चार्ज द्यावा लागतो."

संस्था बंद झाल्यावर ती गुंडाळायला एक अधिकारी नेमला गेला. त्याच्याकडच्या जुन्या यादीत मशीन होतं, कार्यालयात नव्हतं. ते सेक्रेटरींच्या आधीच गेलं होतं, हे सांगू शकणारा माणूस एकच होता. त्याची सही नसेल तर मशीन सेक्रेटरींच्या काळात नाहीसं झालं असं धरलं जाणार होतं. बावीस वर्षांच्या नोकरीवर शेवटचा शेरा चोरीचा बसणार होता.

मे महिन्यात मी त्यांना मोटारसायकलवरून अप्पांच्या घरी नेलं. अप्पा अंथरुणाला खिळले होते. थोरला मुलगा टँकरची वाट पाहत दारात बसला होता. त्याने आम्हाला आत सोडलं.

"कागद आणलाच आसशील," अप्पा म्हणाले.

"आणलाय."

"मशीन मी मेव्हण्याच्या डेअरीला दिलती. तू यायच्या आदी. परत आणायची ऱ्हायली." ते पुढे म्हणाले, "चावी खिडकीत ठिवून गेलतो. तुज्या हातात द्याया मन झालं न्हाई. लोक काय म्हणतील, आसं वाटलं."

"म्हाईत हाय."

"मंग इतकी वर्सं कावून मागं लागला?"

"तुमचा चार्ज द्यायचा ऱ्हायलाय."

अप्पांनी उशीला टेकून सही केली. तारखेशी ते थांबले. "बावीस वर्सांमागची टाकतो," म्हणाले. मुलगाही म्हणाला, "टाका जुनी. काका, तुमचंच काम व्हईल." मीही तेच म्हणालो. सेक्रेटरींनी नकारार्थी मान हलवली.

"त्या दिवशी दिला न्हाई. आज दिलाय. आजचीच टाका."

अप्पांनी त्या दिवसाची तारीख घातली. त्यानंतर अकराव्या दिवशी ते गेले.

फॉर्म अधिकाऱ्याकडे दाखल झाला. सही संस्था बंद झाल्यानंतरची असल्यामुळे पुरावा म्हणून तो धरला गेला नाही. जुनी तारीख असती तर चाललं असतं, असं कारकुनाने सांगितलं. फॉर्म अहवालाला जोडण्यात आला.

अहवाल ऑगस्टमध्ये आला. सेक्रेटरींनी तो माझ्या हातात दिला तेव्हा चौथं पान उघडलेलं होतं. त्यावर संस्थेच्या सचिवांचा तक्ता आहे. सेक्रेटरींच्या नावासमोर, प्रेडेसेसरच्या रकान्यात, अप्पांचं नाव टाइप केलेलं आहे. दुसरं पान मी नंतर अधिकाऱ्याच्या कार्यालयात वाचलं. त्यात मशीनची जबाबदारी सेक्रेटरींवर ठेवलेली आहे.