आईची पुढची सीट

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एक जुनी पण भारीतली परदेशी गाडी घेतलीय. पूजेच्या दिवसापासून पुढं शेजारी बसून आई त्यांना शेंगा सोलून द्यायची. पण महिनाभर झाला, अण्णा तिला मागं बसवायला लागले. "ऐसपैस बस की," म्हणायचे. आई फुगली. "मोठी गाडी आली आन् मी नको झाले," असं तिनं निम्म्या कडेगावाला सांगितलं.

आज आम्ही तिघं साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला माणूस म्हणाला, "काका, पार्ट आलेत. कंपनीनं पुढच्या दोन्ही एअरबॅग बदलायला सांगितल्यात, जुन्या फुटल्या तर पत्र्याचे तुकडे अंगावर उडतात. मागच्या महिन्यात बोललो तसं पुढं कुणाला बसवलं नाही ना?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "न्हाई."

आईनं विचारलं, "दोन्ही म्हंजे चालवणाऱ्याची बी?"

"व्हय."

"आवं, मग तुमी कसं बसत हुता?"

"कुनीतरी चालवाय नको व्हय?"

एअरबॅग बदलून झाल्यावर परतीला आई पुढं बसली. घरापर्यंत अण्णांना शेंगा सोलून देत होती.

सेकंडहँड गाडीवाल्यांनो, कंपनीचा असा निरोप बऱ्याचदा पहिल्या मालकालाच जातो. तुमच्या गाडीची चौकशी केलीय का? आणि घरात कुणी कारण न सांगता तुम्हाला मागं बसवतंय का?