देठाजवळची चकती

खिशातला चाकू काढायचा, भोपळ्याच्या देठाजवळची पातळ चकती कापायची, जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायचे. मग ती चकती बाजूला थुंकून म्हणायचं, "गोड हाय. न्या, बाई." एवढं झाल्याशिवाय तात्यांनी कधी कुणाच्या हातात दुधी दिला नाही.

मी शाळेत शिकवते, म्हणून 'बाई'. तात्या एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे लोणी भापकरचे, बारामतीत आमच्या शेजारी राहायचे. काकू वारलेल्या, एकुलती एक मुलगी अंथुर्ण्याला दिलेली. घरात तात्या एकटे आणि अंगणात मांडवभर दुधीचा वेल.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या उदारपणाची सगळ्यांना धास्ती वाटते. आमच्या घरी दुधी कुणालाच आवडत नाही. भाजी झाली, थालीपीठं झाली, हलवा झाला. शेवटी नवरा ताटाकडे बघून नुसता सुस्कारा सोडायचा. त्यात देठ कापलेला दुधी टिकत नाही, म्हणजे फ्रिजमध्ये मागे ढकलून विसरायचीही सोय नाही. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "तात्या, न चाखता द्या की एखादा. चार दिवस तरी टिकेल."

"ब्रेक बघितल्याबिगर गाडी डेपोतनं काढायची न्हाय," तात्या म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

दुधीची पांढरी फुलं दिवस कलल्यावर उमलतात. त्या वेळी तात्या एकेक नर फूल खुडून मादी फुलाला अलगद टेकवत मांडवाखाली फिरायचे. "माशा कुठं ऱ्हायल्यात आता? आपल्यालाच करावं लागतंय," म्हणायचे. एरवी गिअर टाकल्यासारखं बोलणारा हा माणूस तेवढा वेळ अगदी हळू बोलायचा. अशाच एका संध्याकाळी, मी काही विचारलेलं नसताना, त्यांनी मला काकूंचं सांगितलं.

काकूंना साखर होती. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी सांगितलं, उपाशीपोटी दुधीचा रस द्या, साखर उतरते. वेल घरचाच, काकूंनी लावलेला. तात्यांनी स्वतः रस काढून पेला हातात दिला.

"एक घोट घिऊन ती म्हणली, कडू लागतंय. मी म्हणलो, औषध कडूच असतंय, पी." तात्या हातातल्या फुलाकडे बघत होते. "प्याली. माझ्या शब्दाखातर सगळा गलास प्याली."

दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या, मग रक्त पडलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काकू गेल्या. कडू दुधी पोटात गेला तर विष होतो हे आपल्याकडे जुन्या माणसांना ठाऊक असतं. औषध कडू असतं हेही सगळ्यांना ठाऊक असतं. त्या सकाळी तात्यांना दुसरं आठवलं, पहिलं नाही.

माझ्या मनात आलं, मी असते तर तो वेल मुळासकट उपटून टाकला असता. न राहवून तसं बोललेही.

"येलाची काय चूक?" तात्या म्हणाले. "बी तिनं धरलेलं हाय. आन् उपटला तर मला इसरायला सोपं जाईल."

त्यानंतर मी तात्यांच्या भोपळ्याला कधी नावं ठेवली नाहीत. नवऱ्यालाही ठेवू दिली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ताप आला आणि तात्या बरेच दिवस अंथरुणाला खिळले. त्यातून उठले, पण खंगले. पाडव्याला मी कडुलिंबाचा पाला, गूळ आणि हरभऱ्याची डाळ वाटून वाटीत घेऊन गेले. आमच्याकडे यंदा गूळ कमी पडला होता. पोरांनी तोंडं वेडीवाकडी करून पाणी मागितलं होतं. तात्यांनी सगळं तोंडात टाकलं, सावकाश चघळलं आणि मला विचारलं, "बाई, लिंब घालायचा इसरला का?"

"घातलाय की," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, गुढीला बांधलेला लिंबाचा डहाळा ओढून मूठभर पाला तोंडात कोंबला. चावत राहिले. चावता चावता त्यांचा चेहरा उतरत गेला. तापानं त्यांची चव नेली होती, आणि हे त्यांना तेव्हा कळत होतं.

"परवा पाटलांच्यात भोपळा दिलाय मी," ते म्हणाले. मी पाटलांच्या घरी धावत जाऊन विचारून आले. भाजी झाली होती, खाऊन सगळे ठणठणीत होते.

तरीही दुपारी तात्यांनी विळा आणला. मी म्हटलं, "तात्या, मी चाखत जाईन ना. रोज येईन."

"चाखणारी व्हतीच की माझ्या घरात," ते म्हणाले. "मीच ऐकलं न्हाय."

त्यांनी वेल बुडातून कापला. लागलेले भोपळे, अगदी बोटाएवढी पिल्लंसुद्धा, खड्डा करून पुरले, गाईगुरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून. त्या संध्याकाळी मांडवावर फुलं उमलली. कापलेल्या वेलाला बहुतेक अजून कळलं नव्हतं. मला ते बघवेना, मी खिडकी लावून घेतली.

मुलगी त्यांना अंथुर्ण्याला घेऊन गेली. पावसाळा सरता सरता तात्या गेल्याचा फोन आला. पुढे घर आवरायला ती आली, तेव्हा दुपारभर माझ्याकडे बसली होती.

"आमच्यात आल्यापासनं एकच चाललं व्हतं," ती म्हणाली. "भाकरी असू द्या न्हायतर चहा, मला इचारायचं, तू चाखलंस का, कसं लागतंय. गोड हाय म्हणलं की खायाचे. शेवटी गोळी गिळंना, म्हणून मी पाण्यात खलून दिली. तरी इचारलं, कसं लागतंय? मी बोट लावून बघितलं आन् म्हणलं, कडू हाय तात्या, औषध कडूच असतंय."

खिडकीतून रिकाम्या मांडवाकडे बघत ती पुढे म्हणाली,

"त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, कडू हाय म्हणतीस ना, मग ऱ्हाऊ दे. आन् तोंड मिटलं ते मिटलंच. परत गोळी घेतली न्हाय. मी काय वंगाळ बोलले का, बाई?"

आईच्या मरणाचं कारण तिला माहीत होतं. पेला देताना तात्या काय बोलले, ते त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. "नाही गं," मी म्हटलं.

निघताना तिनं पिशवीतून दुधी काढून माझ्या हातात दिला. तिच्या शेतातला होता. देठाजवळची चकती कापलेली होती.

"चाखलाय मी," ती म्हणाली. "तरी तुमी बी चाखा."