महालक्ष्म्यांची खोली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पाठच्या बहिणीजवळ नाही, आणि देवीजवळ तर नाहीच — तिच्याजवळ काय बोलू, तिच्याच घरातला मामला आहे हा. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि आधीच बजावते, मी रडणार नाही. पदर डोळ्याला लावणारी बाई बघायची असेल तर दुसरीकडे बघा.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बचत गटाच्या बायकांनी मला बोलायला उभं केलं. का? तर माझं घर मोकळं असतं म्हणून. तेलगावच्या जवळच आमचं गाव आहे, आणि आमच्याकडच्या घरांत तुम्ही कधी आला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल — फळीवर उतरंडीसारखी रचलेली स्टीलची भांडी, लग्नातून आलेली आणि कधीच न वापरलेली, प्रत्येकावर कुणाकुणाची नावं कोरलेली. माझ्याकडे तसं काही नाही. मी उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं — वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या लुटणं बंद करा, आणि आहेरात आलेलं ब्लाऊज पीस पुढच्या बाईच्या माथी मारू नका. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून एक जण म्हणाली, "ताई, तुमच्यात महालक्ष्म्या बसत न्हाईत म्हणून जमतंय तुमाला. आमी कुठं टाकावं समदं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ती बाई नेमकी दुखऱ्या जागेवर बोट ठेवून गेली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

आमच्यात महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, बसत नाहीत — का बसत नाहीत, तेच सांगायचं आहे.

माझं माहेर चकलांब्याचं. माझी आई दोन तांब्यांत गहू भरायची, वर काजळाने डोळे काढायची, चोळीचा खण गुंडाळायची — झाल्या महालक्ष्म्या. दुपारपर्यंत नैवेद्य व्हायचा आणि संध्याकाळी आई आमच्याबरोबर अंगणात बसलेली असायची. लग्न होऊन इथे आले तर इथे उभ्याच्या. पितळी मुखवटे, पत्र्याच्या कोथळ्या म्हणजे देवींची धडं, दोन बाळं, आणि त्यांच्यापुढं मांडायचा सगळा संसार. मखराच्या लोखंडी पट्ट्या. उंदरांनी कुरतडलेले थर्माकोलचे खांब. दिव्यांच्या माळांचा गुंता, प्लास्टिकची फुलं, खेळण्यातले बैल, बाहुल्या, पेट्या भरून साड्या, पितळी घागरी. दरवर्षी त्यात भर. येणारी प्रत्येक पाहुणी काहीतरी आणणार, आणि एकदा देवीपुढं ठेवलं की ते देवीचं. देवीचं कोण टाकणार?

या सगळ्यासाठी घरातली मधली खोली होती. सर्वांत थंड, सर्वांत मोठी. वर्षभर कुलूप. आम्ही पाच माणसं — सासूसासरे, आम्ही दोघं, मुलगी — पुढच्या दोन खोल्यांत एकमेकांच्या पायाशी डोकं करून झोपायचो, आणि देवी तीन दिवसांसाठी अख्खी खोली अडवून बसायच्या. हे बोलायचं नसतं, मला माहीत आहे. मी बोलते आहे. श्रावण सरत आला की मी चिंचेच्या पाण्यात हात घालायची ते बोटांची सालं निघेपर्यंत. आत्याबाई — माझ्या सासूबाई — दारात बसून सांगायच्या, "त्या घागरीच्या बुडाला राहिलंय बघ." आणि मी पुन्हा घासायची.

मग एका वर्षी, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, पुरण शिजत असताना मामा, माझे सासरे, बाहेर बाजेवर बसले ते बसल्या जागीच गेले.

आता आमच्याकडची रीत अशी — सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घराला बंद. पुन्हा कधी? तर त्याच दिवशी घरात पाळणा हलला, किंवा दावणीला गाय व्यायली, तर सण परत मिळतो. नाहीतर कायमचा गेला.

मामा भले होते. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि ते खरं होतं. पण पुढचा भाद्रपद आला, चिंच भिजवावी लागली नाही, आणि मला लग्नानंतर पहिल्यांदा असं वाटलं की या घरात हवा आहे. हे दोन्ही एकाच बाईला वाटू शकतं का? वाटलं.

खोलीचं कुलूप मात्र तसंच. कारण आत्याबाई वाट बघत होत्या.

घरात पाळणा हलण्यासारखं काही राहिलं नव्हतं, माझं ऑपरेशन झालेलं. म्हणून सगळी भिस्त तांबीवर. तांबी म्हणजे आमची गाय, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गोठ्यात बांधलेली. आत्याबाई धनगराच्या घरात वाढलेल्या, जनावराचं त्यांना सगळं कळायचं. भाद्रपदापासून मागं महिने मोजत जायच्या आणि बरोबर त्या सुमाराला गाय फळवून आणायच्या. एका वर्षी लिंबागणेशला जाऊन गणपतीला नारळ ठेवून आल्या — गाय तेवढी दिवसावर येऊ दे. पण गाय काय पंचांग बघते? कधी पोळ्याच्या आधीच मोकळी व्हायची, कधी पितरांच्या पंधरवड्यात. आत्याबाई हिवाळ्यात परत मोजायला लागायच्या.

तुम्ही म्हणाल, एवढा कशाला जीव टाकायचा? मीही तेच म्हणायची, मनातल्या मनात, दात चावून. पण मला ठाऊक होतं हो. तेच तर सांगायचं आहे. मामा गेल्यावर आत्याबाईंना गावात कुणी महालक्ष्म्यांना जेवायला बोलावलं नाही. सवाष्णी बोलावतात, विधवेला कोण बोलावतं? ढोल-ताशे वाजायचे, बायका जरीच्या साड्या नेसून आमच्या दारावरून जायच्या, आणि त्या उंबऱ्याच्या आत बसून असायच्या. दुसऱ्यांच्या देवी त्यांना बंद झाल्या होत्या. राहिल्या होत्या फक्त आपल्या घरच्या — त्यांच्यापुढं बसायला त्यांना कुणाच्या बोलावण्याची गरज नव्हती. हे मला माहीत होतं. कळत नव्हतं असं सांगून मी सुटू शकते, पण खोटं ठरेल ते.

आता तो दिवस.

तांबी अगदी भरत आली होती. आत्याबाई तापाने फणफणलेल्या, सांधे धरलेले, जागेवरून हलता येईना. नवरा मुलीच्या सोयरिकीसाठी तिला घेऊन बीडला गेलेला, दुसऱ्या दिवशी येणार. गावात सगळीकडे पुरणाचा वास. सकाळी मी आखाड्यावर निघाले तर आत्याबाईंनी हात धरला. "कास भरली का बघ. शेपटाची मुळं खचल्यात का बघ. आन लगोलग फोन कर मला." मी बाहेर पडताना बघितलं — चुलीजवळ पातेल्यात हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली होती. तापात उठून घातली होती. दिवस मिळाला तर संध्याकाळी निदान देवाच्या कोनाड्यापुढं पुरणाचा नैवेद्य व्हावा म्हणून.

तांबी दुपारी व्यायली. मला काही करावंच लागलं नाही. तांबडी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका. मी गोणपाटाने तिला पुसलं, तिच्या नाकातलं काढलं, आणि खाली मातीत बसले. गावातून ढोलाचा आवाज येत होता. फोन माझ्या हातात होता.

किती सोपं होतं. एक बटण. "आत्याबाई, आली बघा." एवढंच म्हणायचं होतं.

आणि माझ्या डोळ्यांपुढं आल्या त्या घागरी. ते थर्माकोलचे खांब. बोटांची सालं. दरवर्षी, मरेपर्यंत. मुलीच्या माहेरपणाला खोली हवी होती असं सांगितलं असतं तर किती बरं दिसलं असतं, नाही का? पण मुलीचं मनातही आलं नाही. मला ती खोली माझ्यासाठी हवी होती. रिकामी, झाडलेली, काही न ठेवलेली. दुपारी थंड फरशीवर आडवं पडायला.

मी फोन पदरात खोचला. कालवड उभी राहिली, आचळाला लागली, तेवढं बघून मी घरी आले.

आत्याबाई उठून बसल्या होत्या. "कावून गं? न्हाई अजून?"

"न्हाई," मी म्हणाले. "उद्या सकाळपतूर हुईल."

झालं. तोच तो गुन्हा. केवढासा आहे बघा, एका शब्दाचा. त्यांनी पातेल्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी भाकऱ्या थापल्या. रोजच्यासारख्याच.

पहाटे मी आखाड्यावर गेले आणि तिथून फोन केला — आताच व्यायली, कालवड झाली. मला वाटलं, संपलं. पण तापातल्या आत्याबाई शेजारच्याच्या मोटारसायकलवर बसून आल्या. कालवड टुणटुण उड्या मारत होती. त्यांनी तिला जवळ ओढलं, नाळेला हात लावला, मग एकेक पाय उचलून खूर बघितले. नुकत्या जन्मलेल्या वासराच्या खुरांना मऊ पांढरट गर असतो. उभं राहून चाललं की झिजतो. मला कुठं माहीत होतं? माझ्या माहेरी म्हशी पण नव्हत्या.

त्यांनी चारही खूर बघितले. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी मान खाली घातली नाही — त्यातही माझा ताठा बघा.

"पाटंची हाय व्हय?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"बरं," म्हणाल्या. "लई गुणाची हाय."

बस्स. पुन्हा कधी त्यावर एक अक्षर नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, गावात बोलल्या नाहीत. ती डाळ दुसऱ्या दिवशी मी भाजीत घातली आणि सगळ्यांनी खाल्ली. हिवाळ्यात तांबी माजावर आली तेव्हा नवऱ्याने विचारलं, "आई, कधी न्यायची?" त्या म्हणाल्या, "कदीबी ने. आता काय दिवस बगायचा न्हाई." आणि त्याच आठवड्यात कंबरेची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. "खोली काड. तुला काय करायचं ते कर." पितळी मुखवटे तेवढे स्वतःकडे ठेवले, जुन्या लुगड्यात गुंडाळून, उशाशी. बाकीचं मी काढलं. साड्या वाटल्या, पितळ मोडीत दिलं, थर्माकोल जाळला तर नवरा म्हणाला वास येतो, मग उरलेला पुरला. दोन दिवस पाणी मारून फरशी धुतली.

खोली सुंदर आहे. येणारी प्रत्येक बाई म्हणते. मी दुपारी तिथं आडवी होते आणि मला गाढ झोप लागते. पश्चात्तापाने झोप उडाली असं तुम्हाला ऐकायचं असेल, तर नाही उडाली. पुन्हा तो दिवस आला, पुन्हा गाय व्यायली, पुन्हा फोन हातात असला — तर मी पुन्हा तेच करीन. एका म्हाताऱ्या बाईकडं उरलेली एकच गोष्ट मी घेतली, तिला कळलं, आणि कळूनही तिने किल्ली माझ्याच हातात दिली. याला मी काय म्हणू?

गेल्या भाद्रपदात, जेवणाच्या दिवशी, सगळ्या गावात पुरण होतं आणि आमच्या घरी पिठलं-भाकरी. मी आत्याबाईंना ताट दिलं. बाहेर ताशा वाजत होता. त्यांनी ताट पुढं ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लई सोपं झालं न्हाई का गं तुला?"

मी "हो" म्हणाले, आणि माझं ताट वाढून घेऊन त्यांच्यासमोर जेवायला बसले.